लग्न मोकळ्यावर करताय? आधी सूर्याचं टाइमटेबल बघा

मागच्या अंकात मोकळ्यावरच्या लग्नांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि तुम्ही भरभरून पाठवलेत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून सगळ्यात जास्त लोकांना उपयोगी पडतील अशी पाच पत्रं निवडलीत.

ताई, आमचं लग्न एका जुन्या कोठारापुढच्या माळावर करायचं ठरलंय. मला सगळं साधं हवंय, लाकूड, ज्यूट, रानफुलं. आईला झगमगाट हवाय, झुंबर, आरसे, सोनेरी काहीतरी. ती म्हणते पाहुण्यांना काय गोणपाटावर बसवणार का. फोनमध्ये चारशे फोटो सेव्ह केलेत आणि आता काहीच सुचत नाहीये. रस्टिक आणि ग्लॅमरस एकत्र खरंच जमतं का? – गोंधळलेली नवरी

जमतं ग, आणि फार सुंदर जमतं. पण आधी ते चारशे फोटो बाजूला ठेव आणि आईला घेऊन एका संध्याकाळी त्या माळावर जाऊन बस, सूर्य मावळायच्या दोन तास आधीपासून ते अंधार पडून तासभर होईपर्यंत. काही ठरवायचं नाही, नुसतं बघायचं. उन्हात कोठाराचं लाकूड कसं दिसतं, सावली कुठून कुठे सरकते, अंधार झाल्यावर काय दिसेनासं होतं. हे मी सगळ्यांनाच सांगते कारण मोकळ्यावरच्या लग्नात अर्धी सजावट उजेडच करतो आणि त्या उजेडाचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं.

तिथे बसल्यावर तुझ्या लक्षात येईल की रस्टिक तुझ्याकडे आधीच आहे. जुनं लाकूड आहे, गवत आहे, झाडं आहेत. लोक खऱ्या जुन्या कोठारापुढे भाड्याने आणलेले खोटे जुने दरवाजे आणि पिंपं मांडतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण तो सगळा खर्च जे आहे त्याचीच नक्कल करण्यात जातो. म्हणजे तुझी बाजू जवळपास फुकटात झाली आणि पैसे आईच्या बाजूला वापरता येतील, भांडण मिटलं ना!

आता आईची झगमग. काच, पितळ, आरसा, सॅटिन या वस्तू स्वतः चमकत नाहीत, त्यांच्यावर उजेड पडला तर चमकतात, म्हणून आधी दिवे ठरवा आणि मग वस्तू. बल्ब वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या, साधारण 2700 केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), त्यात लाकूड मधासारखं दिसतं आणि माणसांचे चेहरेही छान दिसतात. 6500 केल्विनचा पांढराफटक दिवा एक जरी मध्ये आला तरी सगळा रंग फसतो, आणि हे हमखास होतं कारण सजावटीचे दिवे आपण निवडून आणतो आणि जेवणाच्या टेबलांवरचा दिवा कुणीतरी घरातला आणून लावतं. शक्य असेल तर डिमर लावून घ्या, म्हणजे जेवताना जास्त आणि नंतर कमी असा उजेड करता येतो.

झुंबर एकच लावा पण मोठं लावा. कोठाराच्या तुळईला टांगणार असाल तर तुळई किती वजन घेईल ते सुताराला दाखवून घ्या, आणि झाडाच्या फांदीला टांगायची हौस असेल तर झाडांची माहिती असलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय अजिबात नको, वरून हिरवी दिसणारी फांदी आतून पोकळ असू शकते.

बाकी मांडणीत मी एकच गोष्ट बघते, की खडबडीत वस्तूच्या शेजारी गुळगुळीत वस्तू आली पाहिजे. लाकडी टेबल उघडंच ठेवा, वर कापड नको, आणि त्यावर पातळ काचेचे ग्लास आणि पितळी मेणबत्तीदाण्या मांडा. ज्यूटच्या पट्टीवर लेस, लेसवर मोती, मोत्यांवर सोनेरी रिबन असं थरावर थर चढवलं की दोन्हीची मजा जाते.

आणि आईला किआवारी खुर्चीची गोष्ट सांग. लग्नांमध्ये ती सोनेरी, बारीक दांड्यांची, राजेशाही वाटणारी खुर्ची असते ना, ती 1807 साली इटलीतल्या किआवारी नावाच्या गावात ज्युसेप्पे गाएतानो देस्काल्झी नावाच्या कारागिराने बनवली, हलकी लाकडी खुर्ची आणि विणलेली बैठक. सोनेरी मुलामा नसलेली, लाकडाच्या रंगाची तीच खुर्ची घ्या, तुमच्या दोघींचंही मन राखलं जाईल. मेसन जारचंही तसंच, 1858 मध्ये जॉन लँडिस मेसनने फिरकीच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट घेतलं ते अन्न टिकवायला, आज त्यात दिवे आणि फुलं ठेवतात. कामाची वस्तू असते म्हणूनच ती माळावर उपरी वाटत नाही.

गोणपाटाबद्दल मात्र मी आईच्या बाजूची आहे, बसायला नको. पेंढ्याचे गठ्ठेही बसायला ठेवू नका, टोचतात, कित्येकांना त्याची ॲलर्जी असते आणि मेणबत्त्यांजवळ तर ते धोक्याचेच.

नातेवाइकांनी शेतातली मोकळी जागा वापरायला दिलीये, 120 पाहुणे असतील. जागा एकदम मस्त आहे पण तिथे काहीच नाहीये, म्हणजे लाइट नाही, पाणी नाही. सुरुवात कुठून करू? – नवरदेवाचा धाकटा भाऊ

सुरुवात टॉयलेटपासून कर, मनापासून सांगते. चार-पाच तासांच्या कार्यक्रमाला साधारण 50 माणसांमागे 1 असा हिशोब धरतात, म्हणजे तुला 3 लागतील, मी एक वाढवून 4 घेईन. मांडवापासून थोडी लांब पण वाट सपाट हवी, वाटेवर दिवे हवेत, आत आरसा, दिवा आणि हात धुवायला पाणी हवं. झुंबर कसं होतं ते लोक विसरतील, पण अंधारात चाचपडत जावं लागलं ते कुणी विसरत नाही.

मग वीज. घरच्यांना वाटतं की दिव्यांनाच जास्त वीज लागते, पण 1 वॉटचे 200 एलईडी बल्ब लावलेस तरी ते 200 वॉट झाले आणि पाणी तापवायची एक इलेक्ट्रिक किटली एकटीच 1500 ते 2000 वॉट खाते. म्हणून स्वयंपाकवाले, साउंडवाले, दिवेवाले या तिघांकडून प्रत्येक यंत्राचे वॉट लिहून घे, बेरीज कर आणि वर पाव भाग जास्त धरून जनरेटर ठरव. स्वयंपाकाला आणि साउंडला वेगळी लाइन दे, नाहीतर किटली चालू केली की माइक बंद अशी गत होते. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात जनरेटर स्टेजच्या मागेच आणून ठेवला होता कारण केबल कमी पडत होती, आणि तिच्या वडिलांनी रात्र रात्र जागून लिहिलेलं चार ओळींचं भाषण कुणालाच ऐकू आलं नाही. ते मला अजूनही लागतं. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने कमी होतो, त्यामुळे जनरेटर जमेल तितका लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेव, केबल लांब लागली तर जाड घे, बारीक लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. माइकला स्पंजची टोपी घालायला सांग, मोकळ्यावर वाऱ्याची घरघर फार येते.

जागेचा हिशोब असा, की 5 फुटी गोल टेबलाला 8 माणसं आरामात बसतात आणि टेबल-खुर्च्या-वाट धरून माणशी 12 ते 15 चौरस फूट लागतात, म्हणजे 120 जणांच्या जेवणालाच जवळपास 1800 चौरस फूट. नाचायला आणि वाढपाला वेगळी जागा. मांडवाचे खुंट ठोकायच्या आधी जमिनीखालून पाइप किंवा केबल गेलीय का ते शेताच्या मालकांना विचार.

गाड्यांसाठी उंच, टणक जमीन निवड, आदल्या दिवशी पाऊस झाला तर सखल भागातल्या गाड्या रुततात. गवत दोन-तीन दिवस आधी काप, त्याच सकाळी कापलं तर कपड्यांना चिकटतं. आणि एका रात्री सगळे दिवे लावून रंगीत तालीम कर बाबा, उजेडात छान वाटणारी वाट रात्री कशी खड्ड्यात नेते ते तेव्हाच कळतं.

लग्न किती वाजता ठेवावं? आणि पाऊस आला तर? विचार करून झोप येत नाही. – काळजीत पडलेली वधू

वेळ घड्याळावरून नको, सूर्यास्तावरून उलटी मोज. सूर्य त्या तारखेला दरवर्षी जवळपास त्याच वेळी मावळतो, त्यामुळे वर्षभर आधीही वेळ अचूक कळते. पश्चिमेला डोंगर किंवा झाडी असेल तर तुमच्यासाठी सूर्य त्याहून आधी जाणार, हे लक्षात ठेव. मुख्य विधी सूर्यास्ताच्या दोन तास आधी सुरू करा, म्हणजे शेवटचा सोनेरी तास फोटोंना आणि भेटीगाठींना मिळतो. नंतरचा संधिप्रकाश किती टिकेल ते ठिकाणावर असतं, विषुववृत्ताजवळ वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो आणि जसजसं लांब जावं तसतसा तो रेंगाळतो, पण दिवे मात्र सूर्य बुडायच्या आधीच लागलेले असू देत. आणि तारीख तुमच्या हातात असेल तर पौर्णिमा बघ! पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतो त्याच सुमारास समोरून उगवतो, असलं ग्लॅमर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

खुर्च्या मांडताना ऊन पाहुण्यांच्या डोळ्यांत येणार नाही आणि तुमच्या तोंडावरही थेट येणार नाही असं बघा, बाजूने आलं तर सगळ्यात छान.

पावसाचं म्हणशील तर त्याचा निर्णय त्या दिवशी घ्यायचाच नाही, आधीच लिहून ठेवायचा. म्हणजे असं, की आदल्या दिवशी दुपारी अमुक वाजता अंदाज बघायचा, आणि अमुक असेल तर सगळं कोठारात किंवा बंद बाजूंच्या मांडवात हलवायचं, आणि हे ठरवणारी व्यक्ती तू नसशील. घरातलं कुणीतरी शांत डोक्याचं माणूस निवड आणि त्याचं ऐक. आतली जागा तुला आवडेल अशी आधीच सजवून ठेव, मग आत जाणं शिक्षा वाटणार नाही. विजा मात्र वेगळ्या, तिथे हट्ट नको. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत न्यायचं, मांडव त्यासाठी सुरक्षित नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं.

फुलं आम्ही मैत्रिणीच करणार आहोत, रानफुलं तोडून. काही टिप्स? – नवरीची मैत्रीण

फक्त रानफुलांवर राहू नका, बहुतेक रानफुलं तोडल्यावर तासा-दोन तासांत मान टाकतात. जिप्सोफिला, स्टॅटिस, कार्नेशन, शेवंती ही दिवसभर टिकणारी घ्या आणि रानफुलं शेवटच्या तासात मध्ये मध्ये खोचा. हायड्रेंजिया दिसायला देखणं पण त्याला सारखं पाणी लागतं, उन्हात नकोच. फुलं आदल्या दिवशी पहाटे कापा, देठ तिरके छाटा, रात्रभर गार अंधाऱ्या खोलीत खोल पाण्यात ठेवा आणि त्या खोलीत फळं ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो त्याने फुलं लवकर कोमेजतात. उधळायला खऱ्या पाकळ्याच घ्या, प्लास्टिकची चमकी शेतातून कधीच पूर्ण वेचली जात नाही.

माझ्या भाचीला निवांत लग्न हवंय, काही ठरलेलं नको म्हणते. पण माझी आई 80 वर्षांची आहे, तिला आणि तिच्या वयाच्या चार-पाच जणांना दिवसभर मोकळ्यावर बसवायचं म्हणजे मला धाकधूक वाटते. – नवरीची मावशी

मावशी, तुमची धाकधूक बरोबर आहे आणि भाचीचंही बरोबर आहे. पाहुण्यांना निवांत वाटावं म्हणून कुणीतरी आधी बारीकसारीक बघितलेलं लागतं, आणि ते तुम्ही करा, तिला सांगूही नका.

विधी अर्ध्या तासाच्या वर नको, आणि मग जेवणापर्यंत पाहुण्यांना ताटकळत ठेवू नका, लगेच प्यायला आणि चघळायला काहीतरी फिरू दे. पाणी आल्या आल्या हातात मिळालं पाहिजे. अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. वयस्कर मंडळींना हाताच्या खुर्च्या, कडेला पण पुढे, सावलीत आणि स्पीकरपासून लांब. गवतावर काठी आणि व्हीलचेअर दोन्ही अडतात, त्यामुळे गाडीपासून खुर्चीपर्यंत फळ्यांची किंवा जाड चटईची वाट करून घ्या, तीच वाट टोकदार हील्सवाल्यांनाही उपयोगी पडेल, त्यांना आमंत्रणातच लिहून कळवा की जमीन मऊ आहे, जाड टाचेचं काहीतरी घाला.

डासांसाठी मोठे पंखे लावा, डास अगदी दुबळे उडणारे असतात, वाऱ्यात त्यांना टिकता येत नाही, आणि पाहुण्यांनाही वारा लागतो. मेणबत्त्या मात्र पंख्याच्या झोतात नकोत आणि सगळ्या कंदिलासारख्या उंच काचेत असू देत. आकाशकंदील पेटवून उडवायचं कुणी सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा, ते जळत जळत कुठे पडतील ते कुणाच्याच हातात नसतं.

सूर्य गेला की मोकळ्यावर पटकन गारवा येतो आणि दव पडायला लागतं, टेबलावरची कापडं, खुर्च्यांच्या गाद्या सगळं ओलसर होतं. म्हणून गाद्या शेवटच्या क्षणी टाका आणि दोन मोठ्या टोपल्यांमध्ये शाली घडी करून ठेवा, दिसायलाही छान दिसतात. आईंची खुर्ची कुठे ठेवायची ते नकाशावर ठरवू नका, आदल्या दिवशी विधीच्याच वेळी तुम्ही स्वतः तिथे अर्धा तास बसून बघा, ऊन डोळ्यांवर आलं तर खुर्ची हलवा आणि परत बसा.