त्या विनोदावर मीही हसले

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची आहे. वडगाव शेरीत आई-बाबांबरोबर राहते, खराडीतल्या एका कंपनीत नोकरी करते. आम्ही ख्रिस्ती, मूळचे राहुरी तालुक्यातले. नाव-आडनाव चारचौघांसारखं मराठी, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ता नाही. डिसेंबरात आईच्या हातच्या करंज्या नेते आणि ‘घरच्या आहेत’ एवढंच म्हणते. आजवर यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण रविवारी चर्चला जाणं ही घरची सवय होती, बस. गेल्या वर्षी बाबा आयसीयूत होते तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली आणि विश्वास माझा स्वतःचा झाला. आता महिन्यापूर्वी जेवताना एक जण म्हणाला, ‘तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले हे लोक.’ सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून झोप नाही. बाबांचे पणजोबा दुष्काळात मिशनकडे गेले असं घरात ऐकलंय. म्हणजे तो खरंच बोलला का? येशूच्या पेत्र या शिष्याने प्रभूला नाकारलं तशी मी झाले. चर्चच्या तरुण संघातला दादा म्हणतो, विश्वासाची उघड साक्ष देत नाहीस म्हणजे तुला लाज वाटते. आई म्हणते, दिवस बरे नाहीत, गप्प राहा. ऑफिसच्या सत्यनारायणाचा प्रसादही मी घेते. मी नक्की कोण आहे?

– वडगाव शेरीची एक मुलगी

अगं, तू दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारून बसली आहेस. धर्म न सांगणं आणि त्या विनोदावर हसणं. पहिल्या गोष्टीत मला काही गैर दिसत नाही. आडनाव ऐकून समोरच्याची जात-धर्म ताडून मोकळं व्हायची आपल्याकडे सगळ्यांनाच सवय. त्यांनी ताडलं, चुकलं. तू कुणाला फसवलेलं नाहीस. झोप उडाली ती दुसऱ्या गोष्टीने.

आणि हसलीस ते भित्री म्हणून नव्हे. हसलीस, कारण ‘तो खरं बोलत असेल तर?’ ही शंका तुझ्याच मनात होती. म्हणून आधी तिच्याकडेच बघू.

नगर भागात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. त्यानंतर १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला, पुढे १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा. त्या वर्षांत मिशनकडे धान्य मिळालं, काम मिळालं, पोरक्या मुलांना छप्पर मिळालं आणि पुष्कळ लोकांनी बाप्तिस्माही घेतला. ही माणसं पोटासाठी येताहेत की विश्वासाने, ही शंका मिशनऱ्यांनाही छळत होती. येणारे बहुतेक महार आणि मांग. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, देवळाची पायरी चढू देत नव्हते, शाळेत पोरं बसू देत नव्हते. आता समज, तुझ्या पूर्वजाने निव्वळ धान्यासाठी ते पाऊल उचललं. मग? पोरं उपाशी असली की बाप जे करील ते त्याने केलं. लाज वाटायची असेल तर धान्य घेणाऱ्याला का वाटावी? पाणी नाकारणाऱ्यांच्या पणतवंडांना कुणी जेवणाच्या टेबलावर असे विनोद ऐकवत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

शिवाय दुष्काळ सरला, पोती संपली. त्यानंतर सव्वाशे वर्षं तुमच्या घरात रात्री प्रार्थना होत राहिली ती कशाच्या आशेने? आणि गेल्या वर्षी आयसीयूच्या बाहेर तू डोळे मिटलेस तेव्हा तुला कुणी तांदूळ देऊ केला नव्हता.

आता पेत्र. मी तुझ्या मंडळीतली नाही, पण नवा करार वाचलेला आहे. महायाजकाच्या अंगणात, शेकोटीपाशी, एका दासीने विचारल्यावर ज्याची बोबडी वळली, त्याच पेत्राच्या नावाने पुढे एक पत्र आहे. त्यात तो सांगतो, तुमच्या आशेबद्दल जो कुणी विचारील त्याला उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यपणे द्या. विचारील त्याला! न विचारणाऱ्याला गाठून ऐकवा, असं तिथे नाही. तुझ्या दादाला ही ओळ माहीत असणारच. पुढच्या वेळी त्याने साक्षीचा तगादा लावला तर त्याला रेव्हरंड टिळकांची आठवण करून दे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. कवी माणूस, वाणी रसाळ, तळमळ अपार, आणि तरी खुद्द त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घ्यायला आणखी पाच वर्षं जावी लागली. त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. टिळकांच्या घरात हे असं, मग तुझ्या टीम मीटिंगमध्ये घाई कसली?

प्रसादाचं मी फार मनावर घेणार नाही. खाण्यापिण्यावरून धर्म जोखायची खोड पुण्याला जुनीच आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा आला, आणि त्या पेल्यावरून रानडे-टिळकांसकट भल्याभल्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायची कारवाई, झालं, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. (हे टिळक अर्थात लोकमान्य.) मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही, हा प्रश्न प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना चर्चिला आहे. पाळकसाहेबांबरोबर बसून तो भाग वाच आणि स्वतःच्या मनाला विचार. घ्यावासा वाटला नाही तर हात जोडून ‘नको’ म्हण. कारण सांगत बसू नकोस.

‘मी नक्की कोण’ याचं उत्तर तू पत्रात देऊन टाकलं आहेस, ‘विश्वास माझा स्वतःचा झाला’ या वाक्यात. आता फक्त ते चारचौघांत तोंडातून यायचं राहिलंय. त्यासाठी घोषणा नको, स्टेटस नको. जिच्याशी तुझं सगळ्यात जास्त जमतं त्या मैत्रिणीला चहाच्या टपरीवर सांग: ‘आम्ही ख्रिस्ती आहोत, आणि बाबांच्या आजारपणापासून मी खरंच प्रार्थना करते.’ एवढंच. ती विचारील ते सांग, न विचारील ते राहू दे. कुणीतरी ‘मग तुम्ही घरी इंग्रजी बोलता का?’ असंही विचारील, त्याची तयारी ठेव. गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठी ओव्यांत छापून निघालं, शिवराय जन्मायच्या १४ वर्षं आधी. हे हवं तर सांग, नाही तर नुसती हस. मराठी असल्याचा दाखला काढायची सक्ती तुझ्यावर नाही.

आईची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भाड्याचं घर, बढती, तुझं लग्न, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आहे. पण मी सांगतेय ते पत्रकं वाटणं नव्हे. विचारलं तर खरं सांगणं आहे. बाहेर बोलण्याआधी तिला तेवढी कल्पना दे. परवानगी मात्र मागू नकोस. २७ वर्षांची आहेस.

राहिला तो विनोदवाला. त्याला टेबलावर, सगळ्यांदेखत धरू नकोस. माणूस चारचौघांत अडला की नुसता वाद घालतो. एकटा असताना गाठ आणि सांग, ‘तू त्या दिवशी बोललास ते माझ्या घराबद्दल होतं. मी हसले, पण मला लागलं.’ मिशन, दुष्काळ, विहीर, यातलं काहीही त्याला समजावत बसू नकोस, ते तुझ्यासाठी लिहिलंय. तो वरमेल, माफी मागेल किंवा ‘एवढं काय त्यात’ म्हणेल. एवढं सांगूनही पुन्हा तसाच विनोद केला, तर तारीख-वार आणि नेमके शब्द टिपून एचआरला मेल टाक. आणि मैत्रिणीला सांगितल्यावर ती पहिलं काय म्हणाली, ते मला जरूर कळव. उत्सुकता आहे.