शंका-समाधान : जग मिथ्या, मग सोसायटीचा हप्ता?

सातारा-सांगली भागातील वाचकांनी अद्वैत वेदान्तातील संज्ञांविषयी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या' हे प्रवचनात वारंवार ऐकतो. मग कारखान्याचे उसाचे बिल आणि सोसायटीचे कर्ज हेही मिथ्याच ना? मिथ्या असेल तर फेडायचे कशाला? (वाळवा तालुका)

कर्ज मिथ्या आहे. पण फेडणारा, हप्ता आणि वसुलीला येणारा सचिव हेही नेमके तितकेच मिथ्या आहेत. चौघे एकाच सत्तेतले, म्हणजे असण्याच्या एकाच पातळीवरचे, असल्यामुळे हप्ता भरावाच लागतो.

बोलण्यात आपण मिथ्या म्हणजे खोटे असे धरतो. वेदान्तात त्याचे लक्षण 'सदसद्विलक्षण', म्हणजे सत् आणि असत् दोन्हींहून वेगळे, असे आहे. तिन्ही काळांत ज्याचा बाध होत नाही, म्हणजे जे ज्ञानाने खोटे ठरत नाही, ते सत्. जे कधी प्रतीतीलाच येत नाही ते असत्, जसे सशाचे शिंग किंवा वंध्येचा पुत्र. जग प्रतीतीला येते, म्हणून ते असत् नाही. ब्रह्मज्ञानाने त्याचा बाध होतो, म्हणून ते सत्ही नाही. या मधल्या कोटीलाच मिथ्या किंवा अनिर्वचनीय म्हणतात.

आता सत्ता तीन. दोरीवर भासलेला साप प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक आणि ब्रह्म पारमार्थिक. एखादी गोष्ट कोणत्या सत्तेतली हे ठरवायचे असेल तर तिचा बाध कोणत्या ज्ञानाने होतो ते पाहावे. दिवा आणून दोरी नीट पाहिली की साप जातो, त्याला ब्रह्मज्ञान लागत नाही. ब्रह्मज्ञानाशिवाय ज्याचा बाध होत नाही ते व्यावहारिक. तुमचे कर्ज या खान्यात पडते. पारमार्थिक पातळीवरचे वाक्य उचलून व्यवहारातला प्रश्न सोडवायला जाणे, ही प्रवचनांतून सर्वांत जास्त पसरलेली गल्लत आहे.

दुसरी गल्लत बाध आणि नाश एक समजण्याची. दोरीचे ज्ञान झाल्यावर साप दिसायचाही थांबतो. मृगजळाचे तसे नसते. ते मृगजळ आहे हे कळल्यानंतरही पाणी दिसतच राहते, फक्त घागर घेऊन कोणी तिकडे जात नाही. पहिल्या प्रकाराला निरुपाधिक भ्रम म्हणतात, दुसऱ्याला सोपाधिक (उपाधी म्हणजे भास घडवणारे निमित्त). ज्ञान्याला जग दिसते ते दुसऱ्या प्रकाराने. म्हणून 'ज्ञानी माणसाला भूक कशी लागते?' हा प्रश्न मुळातच चुकतो.

'जग स्वप्नासारखे' हे वाक्यही जपून वापरावे. मांडूक्यकारिकांच्या दुसऱ्या, वैतथ्य प्रकरणात गौडपाद जागृती आणि स्वप्न यांना मिथ्यात्वाच्या दृष्टीने सारखे ठरवतात. पण 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्' (ब्रह्मसूत्र 2.2.29) या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्य विज्ञानवाद्यांना (बाह्य वस्तू न मानणाऱ्या बौद्धांना) बजावतात, की स्वप्नाचा बाध जागे होताच होतो, जागृतीतल्या खांबाचा तसा होत नाही. गौडपादांच्या वचनाची पातळी पारमार्थिक, शंकराचार्यांच्या वचनाची व्यावहारिक. दोन्ही वचने एका दमात सांगणाऱ्याने हा फरकही सांगितला पाहिजे.

प्रश्न : 'तत्त्वमसि' म्हणजे 'तू देव आहेस'. यातून अहंकार वाढणार नाही का? (मिरज)

वाक्य अर्धवट सोडवले तर वाढेल. छांदोग्य उपनिषदातल्या या वाक्यात 'तत्'चा (ते) वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, आहे मायोपाधिक (मायेची उपाधी असलेला) ईश्वर : सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, परोक्ष. 'त्वम्'चा (तू) वाच्यार्थ अविद्योपाधिक (अज्ञानाची उपाधी असलेला) जीव : अल्पज्ञ, अल्पशक्ती, अपरोक्ष. हे दोन एक होऊच शकत नाहीत, ही तुमची शंका बरोबर आहे. म्हणून लक्षणा करावी लागते, म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो.

लक्षणेचे तीन प्रकार. 'गंगायां घोषः' म्हणजे गंगेवर गवळीवाडा. इथे प्रवाह हा अर्थ पूर्ण सोडून काठ घेतात, ही जहत्. ती इथे लावली तर उपाधीबरोबर चैतन्यही सुटते. 'शोणो धावति', तांबडा धावतो; इथे तांबडेपणा ठेवून घोडा वाढवतात, ही अजहत्. काहीच सोडले नाही, तर विरोध तसाच राहतो. उरते जहदजहत्, म्हणजेच भागत्यागलक्षणा : 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. 'तेव्हाचा, तिथला' आणि 'आत्ताचा, इथला' हे दोन्ही भाग सोडले की माणूस एकच उरतो. तसेच इथे सर्वज्ञत्व आणि अल्पज्ञत्व दोन्ही सोडायचे. उरते शुद्ध चैतन्य, आणि ऐक्य फक्त त्याचे.

चूक होते ती एकाच बाजूने सोडल्यामुळे. अल्पज्ञत्व झटकले आणि सर्वज्ञत्व ठेवून घेतले, की 'मी देव' म्हणणारा बुवा तयार होतो.

प्रश्न : ब्रह्म आणि ब्रह्मा एकच का? (कराड)

नाही. ब्रह्म नपुंसकलिंगी, निर्गुण तत्त्व. ब्रह्मा पुल्लिंगी, सृष्टीतला पहिला देहधारी. वेदान्तात त्याला हिरण्यगर्भ म्हणतात.

प्रश्न : आमचे आठवड्याला एकदा बसणारे अभ्यासमंडळ आहे. थेट ब्रह्मसूत्रभाष्य घेतले आणि अध्यासभाष्यातच अडकलो. क्रम काय ठेवावा? (वाई)

अडकणारच. अध्यासभाष्य, म्हणजे ब्रह्मसूत्रभाष्याची प्रस्तावना, आकाराने छोटे असले तरी समोरच्याला परिभाषा ठाऊक आहे असे धरून लिहिलेले आहे. आधी 'तत्त्वबोध', मग सदानंदांचा 'वेदान्तसार', त्यानंतर विद्यारण्यांच्या 'पंचदशी'च्या 15 प्रकरणांपैकी पहिले 'तत्त्वविवेक' आणि सातवे 'तृप्तिदीप'. मग एखादे उपनिषद भाष्यासह. ब्रह्मसूत्रांत त्यानंतर फक्त चतुःसूत्री, म्हणजे पहिली चार सूत्रे. तुम्ही वाईत आहात. प्राज्ञपाठशाळेची परंपरा आणि विश्वकोशाचे कार्यालय दोन्ही गावातच. संज्ञा अडली तर विश्वकोशातली संबंधित नोंद आधी वाचावी.

श्रवण म्हणजे नुसते ऐकणे नव्हे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवणे. त्याची सहा लिंगे, म्हणजे खुणा, आहेत. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायावर ती लावून पाहा. उपक्रम-उपसंहार : 'एकमेवाद्वितीयम्'ने आरंभ, 'ऐतदात्म्यमिदं सर्वम्'वर शेवट. अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती : 'तत्त्वमसि' 6.8 ते 6.16 या खंडांत नऊ वेळा. अपूर्वता : हा विषय प्रत्यक्षादी प्रमाणांनी कळत नाही. फल : 'आचार्यवान् पुरुषो वेद' (6.14.2) आणि पुढचा मोक्षाचा उल्लेख. अर्थवाद : 'ज्याने न ऐकलेले ऐकलेले होते' ही स्तुती. उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद : मातीच्या गोळ्याचा दृष्टान्त. हे एकदा वहीत उतरवले की पुढचे उपनिषद निम्म्या वेळात होते.

आणखी एक. मननाने, म्हणजे ऐकलेल्यावर विचार करून, तर्काची शंका फिटते, निदिध्यासनाने, म्हणजे त्याच्या सततच्या चिंतनाने, देहच मी ही जुनी सवय, म्हणजे विपरीतभावना, जाते. मंडळात 'पटते पण वागण्यात येत नाही' अशी तक्रार निघाली, तर पुन्हा चर्चा करून उपयोग नाही. तो निदिध्यासनाचा प्रांत आहे.

प्रश्न : दासबोधात चार मुक्ती आहेत, वेदान्तात जीवन्मुक्ती आणि विदेहमुक्ती. मेळ कसा घालायचा? (सातारा)

दोन्ही याद्यांची मापे वेगळी आहेत. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा दहावा समास सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता सांगतो. पहिल्या तीन देवाच्या लोकाशी बांधलेल्या, म्हणून नाशिवंत. निर्गुणाशी अनन्य झाल्यावर येते ती सायुज्यता. जीवन्मुक्ती-विदेहमुक्ती ही विभागणी देह आहे की पडला यावर. ज्ञानाने संचित (साठलेले कर्म) जळते, आगामी (पुढे घडणारे कर्म) चिकटत नाही, आणि प्रारब्ध (फळ द्यायला लागलेले कर्म) मात्र भोगूनच संपते (ब्रह्मसूत्र 4.1.13 ते 19). ते संपेपर्यंत जीवन्मुक्त, नंतर विदेहमुक्त. समर्थांची सायुज्यता या दोन्हींत मावते.

मात्र हाच शब्द घेऊन शांकरभाष्याकडे गेलात तर घोटाळा होईल. ब्रह्मसूत्र 4.4.17 वरील भाष्यात 'ईश्वरसायुज्य' हा शब्द सगुणोपासकांसाठी आहे, आणि त्यांना सृष्टी उत्पन्न करण्याचे सामर्थ्य मिळत नाही असे तिथे म्हटले आहे. म्हणून वहीत सायुज्य लिहिताना पुढे ग्रंथाचे नाव लिहावे.