‘तो फुकट शिकतो’ असं लेक म्हणाली तर

प्रिय ताई,

तुमची तिसरीतली लेक जेवताना म्हणाली, “आमच्या वर्गातला एक मुलगा आरटीईवाला आहे, तो फुकट शिकतो. त्याची आई आपल्याकडे भांडी घासते. ते गरीब का आहेत?” तुम्ही “असं बोलू नये” म्हणून विषय मिटवलात आणि तेव्हापासून मनाला चुटपुट लागलीय. एवढ्या लहान मुलीला हे सांगावं का, असं विचारलंयत.

सांगाच. गप्प केलं की मूल एवढंच शिकतं, की गरिबी ही लाजेची गोष्ट आहे.

त्या मुलावर कुणी उपकार करत नाहीये, हे तिला आधी कळू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजेच आरटीईने, खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने शाळेला करायची असते. तिला एवढंच सांगा, “शिकणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, म्हणून त्याची फी सरकार देतं.” गोष्ट हवी असेल तर शाहू महाराजांची सांगा. त्यांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

‘गरीब का?’ हा प्रश्न जास्त अवघड. ‘कष्ट केले की पैसा मिळतो’ असं आपण मुलांना सर्रास सांगतो. मग तिला मावशी दिसतात, सकाळपासून घरोघरची धुणीभांडी करणाऱ्या. म्हणजे एक तर आपलं वाक्य खोटं, नाहीतर मावशी आळशी. मूल बहुतेकदा आईवर विश्वास ठेवतं आणि मावशींना कमी लेखतं. म्हणून खरं सांगा: काही कामांना आपण फार कमी पैसे देतो. कुणाच्या आजोबांकडे जमीन होती, त्यांना शाळेत जाता आलं. कुणाच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणीसुद्धा भरू दिलं नाही. तिला हे कळेल. खाऊची वाटणी कमीजास्त झाली की ती कशी भांडते, ते आठवा.

पण हे सगळं बोलण्याआधी स्वतःच्या स्वयंपाकघरात बघा. मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलाय का? त्या आजारी पडल्या की खाडे कापता का? लेक रोज बघतेय, आणि तुमच्या बोलण्यापेक्षा तोच धडा पक्का बसेल. कप वेगळा असेल तर आजच बंद करा, आणि का बंद केला तेही तिला सांगा.

आणखी एक, हे मला फार मनापासून सांगायचंय. तिचे जुने कपडे त्या मुलाच्या घरी तिच्या हातून पाठवू नका. वर्गात ती दोघं बरोबरीची आहेत, ती बरोबरी मोडेल. वर्गात कुणी ‘आरटीईवाले’ म्हणून मुलांना वेगळं काढतं का, हे बाईंना भेटून विचारा. तिच्या वाढदिवसाला वर्ग बोलावणार असाल तर त्यालाही बोलवा, आणि भेटवस्तू आणू नका असं सगळ्याच पालकांना कळवा.