झबल्यावर रक्ताचा डाग: आधी मावशींना थांबव

अगं, बाळाच्या निपलमधून रक्तासारखं येऊन झबल्यावर डाग पडतोय म्हणालीस ना, तर आधी एक काम कर, मालिशवाल्या मावशींना सांग की छातीला हात लावायचा नाही. "पिळून काढते, मोकळं होईल" म्हणतात ना त्या, अजिबात नको. जन्मल्यावर बाळाला, मुलगा असो की मुलगी, आईच्या हार्मोन्समुळे छातीत गाठ येते, थोडं दूधही येतं, ते आपोआप ओसरतं. माझ्या नणंदेच्या मुलीचं सव्वा महिन्याची असताना असंच पिळलं, तीन दिवसांत लालबुंद, गरम, ताप, मग ॲडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक आणि सुईने पू काढला. चिरा शक्यतो टाळतात कारण आतल्या कोवळ्या गाठीला धक्का लागला तर मुलगी मोठी झाल्यावर त्या बाजूची वाढ नीट होत नाही.

आता तुझं. पाच महिन्यांचा मुलगा, एकाच बाजूने लालसर डाग, ताप नाही, दूध नीट पितोय. आमच्या धाकट्याचं डिट्टो असंच होतं, तेव्हा आम्ही कोथरूडला होतो, मी रात्रभर फोनवर कॅन्सर वाचत बसले आणि सकाळी भर पावसात रिक्षा करून डॉक्टरांकडे. या वयात कॅन्सर फारच दुर्मिळ, बहुतेक वेळा दुधाच्या नळ्या रुंद झालेल्या असतात, डक्ट एक्टेशिया म्हणतात त्याला. डॉक्टरांनी नख किंवा पिन लागली का, गाठ लागते का ते बघितलं, मी कुठली औषधं घेते तेही विचारलं, मग सोनोग्राफी, स्रावाचं कल्चर (जंतू आहेत का बघायला) आणि स्लाइड (पेशी तपासायला), थोड्या हार्मोनच्या टेस्ट. सोनोग्राफीत फक्त रुंद नळ्या दिसल्या.

एका ठिकाणी मात्र "ऑपरेशन करून तो भाग काढूनच टाकू" म्हणाले होते, आम्ही सेकंड ओपिनियन घेतलं ते बरं केलं. मुलांच्या सर्जननी वाट बघायला सांगितली, आणि चारेक महिन्यांत डाग यायचे हळूहळू बंद झाले. ऑपरेशनचा विचार गाठ वाढत असेल किंवा महिनोन्महिने थांबतच नसेल तर.

तू दोन दिवसांत पेडियाट्रिशियनना दाखवच, घरच्या घरी ठरवू नकोस. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला तर मात्र दोन दिवस नाही, त्याच रात्री जा. डागाचं झबलं धुऊ नकोस, पिशवीत घालून ने, डाग ताजा असताना फोटोही काढ. हळद, तेल, शेक काही नाही. सोनोग्राफीला उपाशी ठेवावं लागत नाही, उलट आत जायच्या आधी पोटभर पाज, आमचा तर टेबलावरच झोपला.