खाडीलगतच्या खारजमिनीत बायोगॅससाठी नेपियर गवत लावलं, तर खाराचा त्याच्या वाढीवर काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की भिवंडीकडची तुमची खार पडीक आहे आणि बेणं विकणारा म्हणतो, नेपियर कुठेही येतं. हेच वाक्य एकाने आमच्या ओटीवर बसूनही ऐकवलं होतं, म्हणून लिहितोय. जून ते नोव्हेंबर येतं हो कुठेही. खारात खरा प्रश्न मार्चनंतरचा असतो.

आमची खाचरं दिव्याच्या खाडीकडे. बाबा होते तोवर तिथे भात व्हायचा. आधी राता हा जुना स्थानिक वाण, नंतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे वाण. बाबांनंतर माझ्या चुलतभावाने, दादाने, तिथे संकरित नेपियर लावायचं ठरवलं. मी कृषी शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेताना गवतांवरच्या क्षारताणाचाच अभ्यास केलेला. मी एवढंच म्हणत होतो की मातीचा नमुना मे महिन्यात काढ. बेणंवाल्याने तो ऑगस्टात काढला. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे मातीतल्या मिठाचं माप) चारच्या आत आली, 'जमीन उत्तम' असा निकाल लागला आणि माझं बोलणं पुस्तकी ठरलं.

ऑगस्टात ती तशीच येणार! कोकणातला पाऊस वरच्या थरातलं मीठ धुऊन उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीत नेतो. आमच्या म्हाताऱ्यांनी खारात भात घेतला तो याच हिशेबाने. मीठ खाली गेलं की लावणी आणि ते वर यायच्या आत कापणी. नेपियर बारमाही आहे. त्याला एप्रिल-मे त्याच जागी उभं राहून काढावे लागतात. तेव्हा भूजल खारं असतं, जमीन वरून तापलेली असते आणि केशाकर्षणाने मीठ वर चढत राहतं.

पहिल्या पावसाळ्यात गवत डोक्याच्या वर गेलं. बेणंवाला येऊन फोटो काढून गेला, ते फोटो तो पुढे इतरांना दाखवत फिरला. होळीनंतर खालच्या पानांची टोकं करपायला लागली. मग कडा, मग अख्खं पान. दादा म्हणाला, पाणी कमी पडतंय, आणि त्याने विहिरीचं पाणी सोडलं. ती विहीर उन्हाळ्यात मचूळ होते हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मेमध्ये जमिनीवर पांढरं मीठ फुललं आणि ठोंबांचे नवे फुटवे बंद झाले. मी तेव्हा मुद्दाम ईसी मोजली, ती ऑगस्टच्या कितीतरी पट निघाली.

तुमचा मूळ प्रश्न शरीरक्रियेचा आहे, तर ऐका. खार दोन टप्प्यांत मारतो. पहिला टप्पा पाण्याचा. मातीतल्या द्रावणात मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढणं जड जातं, पर्णरंध्रं अर्धी मिटतात, नवं पान लहान राहतं, फुटवे कमी येतात. नेपियरमध्ये आपण पाला आणि खोडच विकतो, म्हणजे उत्पन्न इथेच घटलं. झाड करपलेलं अजून दिसतही नसतं. दुसरा टप्पा सोडियम आणि क्लोराइड पानांत साठण्याचा. सोडियम पोटॅशियमची जागा बळकावतो आणि विकरांचं काम बिघडतं. जुन्या पानांत मीठ साठायला जास्त वेळ मिळालेला असतो, म्हणून ती आधी जळतात. सहनशील गवतं सोडियम मुळाशीच अडवतात, एचकेटी नावाच्या वाहक प्रथिनांनी तो जलवाहिनीतून परत काढून घेतात किंवा पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतात. शिवाय प्रोलिन, बीटेन अशी संयुगं बनवून पाणी धरून ठेवतात. या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ती वाढीतून वजा होते.

त्यात आपल्या खाचरात पावसाळ्यात पाणी तुंबतं. मुळांना प्राणवायू नाही म्हणजे मीठ बाहेर फेकायला ऊर्जा नाही. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्याचं निभतं. नेपियरला तुंबलेलं पाणी फार काळ सोसत नाही.

नेपियरच्याच गवतकुळातली पिकं बघा. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) तक्त्यात उत्पन्न घटायला सुरुवात होते ती उसाला १.७, भाताला ३ आणि ज्वारीला ६.८ डेसिसिमेन्स प्रति मीटर (ईसीचं एकक) इतक्या ईसीला. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं. ज्वारी बरी दिसते, पण तो आकडा ओलांडल्यावर पुढच्या प्रत्येक एककाला तिचं उत्पन्न १६ टक्क्यांनी घटतं. आणखी एक, हे आकडे संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरेपूर भिजवलेल्या, मातीच्या अर्काचे आहेत. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात, त्यामुळे अहवालातला आकडा लहान दिसतो. दोन्ही थेट ताडून बघू नका.

कुंडीत काही आठवडे मिठाचं पाणी घालून 'सहनशील' ठरवलेल्या वाणांवर माझा भरवसा नाही. अमेरिकेतल्या स्विचग्रास या जैवइंधनाच्या गवताचे दाखले तर इथे देऊच नयेत. ते गवत थंडीत जमिनीखाली झोपतं. आपल्याकडे मीठ वर येतं ते ऐन तापलेल्या उन्हात, गवताला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा.

दादा अजून म्हणतो, बांधाला खांड पडली नसती तर गवत जगलं असतं. खांड पडली ती पुढच्या पावसात. गवत मेमध्येच बसलं होतं. बांध खाडीचं पाणी अडवतो, खालून चढणारं अडवत नाही. जिप्समही सुचवलं होतं त्याला कोणीतरी. ते चोपण, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या, जमिनीचं औषध. आपल्या खारीला गोड्या पाण्याचा निचरा लागतो.

तुमची जमीन उंचावर असेल, उन्हाळ्यातही गोडं पाणी असेल, तर माझं म्हणणं तुम्हाला लागू नाही, खुशाल लावा. वरकसात, म्हणजे उंचावरच्या निचऱ्याच्या जमिनीत, नेपियर छान येतं. खारात मात्र भातच घ्या. जमिनीत कांदळवन आलं असेल तर त्याला हात लावू नका, उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ते तोडायला बंदी आहे आणि भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामही करता येत नाही. आणि करार करायचाच असेल, तर मेमधला मातीचा अहवाल त्याला जोडा आणि दुसऱ्या वर्षी ठोंब मेले तर बेण्याचे पैसे कोण देणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या. आमच्या कागदावर ते नव्हतं.