कोरगुटाला मिठाची सवय झालीय का?

प्रश्न (पेडणे तालुक्यातून): नमस्कार ताई, आमचं खाजन शेत आहे, म्हणजे भरतीचं पाणी बांधाने अडवून केलेलं, अगदी नदीला लागून. दोन वर्षांमागे ऑगस्टात बांधाला भगदाड पडलं आणि भरतीचं खारं पाणी आत शिरलं. अर्ध्या शेतात काकांनी ज्योती हे सुधारित भात लावलेलं, अर्ध्यात आजीच्या हट्टापायी कोरगुट हे जुनं गावठी भात. ज्योती आठ-दहा दिवसांत करपून गेलं, कोरगुट मात्र उभं राहिलं. आजी म्हणते त्याला मिठाची सवय झालीय. मग ज्योतीला पण दरवर्षी थोडं थोडं खारं पाणी दिलं तर त्यालाही सवय होईल ना? आणि उत्क्रांती उत्क्रांती म्हणतात ती हीच का?

उत्तर: आजीने डोळ्यांनी बघितलंय ते शंभर टक्के खरं आहे, तेवढा सवय हा शब्द बाजूला ठेवूया, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. सवय होते ती एका जिवाला. तुम्ही उद्या लेहला गेलात तर पहिले दोन दिवस डोकं ठणकेल, जिना चढताना दम लागेल, मग हळूहळू शरीर जुळवून घेईल, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढेल, आणि पेडण्याला परत आलात की काही आठवड्यांत ते परत खाली येईल. तुमच्या मुलाला त्यातलं काही मिळणार नाही. तिबेटी लोकांचं वेगळं आहे, त्यांच्यात ईपीएएस1 नावाच्या जनुकाचं एक खास रूप बहुतेकांकडे जन्मतःच असतं आणि त्यामुळे एवढ्या उंचीवर राहूनही त्यांचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं भरमसाट वाढत नाही, रक्त दाट होत नाही.

आता तुमच्या खाजनात या. जुन्या गावठी बियाण्याची एक मूठ घेतली तर त्यातला प्रत्येक दाणा थोडा वेगळा असतो, कुठल्या रोपाला मीठ जरा जास्त सोसतं, कुठल्याला अजिबात नाही. खारं पाणी आलं की नाजूक रोपं मरतात किंवा त्यांच्या लोंब्या पोकळ राहतात, आणि आजीच्या आजीने कणगीत बी ठेवलं ते उरलेल्यांचं. पुढच्या वर्षी परत तेच, आणि हे कित्येक पिढ्या. यात एकही रोप आयुष्यात बदललं नाही बघा, जे आधीपासून सोसणारं होतं त्याचंच प्रमाण शेतात वाढत गेलं. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि त्यात निम्मं काम भरतीने केलं, निम्मं बी राखणाऱ्या बायकांनी, हे मला फार मोलाचं वाटतं.

भात करपतं कसं ते पण सांगते. मुळातून पाण्याबरोबर मिठातलं सोडियम वर चढतं, पानात साठतं, आणि पान टोकाकडून सुकत येतं, तुम्ही ज्योतीवर ते बघितलंच असेल. बंगालातलं नोना बोकरा हे असंच खाऱ्या जमिनीतलं जुनं भात, त्याच्या पहिल्या गुणसूत्रावर एक जनुक सापडलंय जे वर चढणारं सोडियम वाटेतच काढून घेतं, पानापर्यंत फार जाऊ देत नाही.

म्हणून ज्योतीचं उत्तर नाही असंच आहे. ते निवडून तयार केलेलं वाण, सगळी रोपं जवळजवळ एकसारखी, शिवाय भाताचं परागीकरण बहुतेक स्वतःचं स्वतःच होतं, तेव्हा बाहेरून नवं काही फारसं येत नाही. निवडायला वेगळेपणाच नसेल तर खारं पाणी निवडणार काय? जुन्या गोव्याच्या आयसीएआर या शेती संशोधन संस्थेने उलट केलं, कोरगुटातूनच निवड करून गोवा धान 1 आणि 2 ही वाणं काढली.

असा फरक पडायला दोन जागा लांब असायला लागतात असंही नाही. वेल्समध्ये तांब्याच्या जुन्या खाणी आहेत, तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यावर एक साधं गवत उगवतं ते तांबं सोसतं, आणि काही मीटरवर कुरणात तेच गवत, त्याला ती माती घातली तर मुळंच वाढत नाहीत. पराग वाऱ्याने इकडून तिकडे उडतात तरी फरक टिकून आहे, कारण दर पिढीत जागेला न जुळणारी रोपं गळतात. खाणीवरचं गवत कुरणात गेलं तर शेजाऱ्यांपुढे मागे पडतं हेही खरं. कोरगुट पण खेर जमिनीत, म्हणजे खारं पाणी येत नाही अशा शेतात, लावलं तर उंच वाढून आडवं होतं, उत्पन्नात ज्योतीच पुढे. एका जागेचा शहाणा दुसरीकडे शहाणा असेलच असं नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर या पावसाळ्यात चार डबे घ्या, दोनांत खाजनाची माती, दोनांत खेर शेताची, आणि दोन्ही मातीत दोन्ही भातं लावा. डबे पडवीत ठेवा, उघड्यावर पावसाने मीठ धुवून जाईल, आणि खाजनाच्या डब्यांना अधूनमधून नदीचं पाणी द्या. लोंब्या पिकल्या की भरलेले दाणे किती आणि पोकळ किती ते मोजून मला कळवा. आणि आजीचं बी या वर्षीही वेगळं ठेवा, डब्यांसाठी त्यातलं मूठभरच घ्या.