वाचकांचे प्रश्न : टीम दूरदूर आणि दिवसेंदिवस मोठी

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी पाच जणांच्या टीमची प्रमुख झाले. आम्ही सगळे पहिल्यापासून आपापल्या घरून काम करतो आणि तेव्हा ते अगदी सुरळीत चालत असे. आता आम्ही १६ जण आहोत. सकाळी लॅपटॉप उघडला की तीस-चाळीस मेसेज साचलेले असतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा शेवट ‘तुम्ही एकदा बघून घ्याल का?’ असा असतो. दिवस बैठकांमध्ये जातो आणि माझे स्वतःचे काम रात्री जेवणानंतर सुरू होते. एवढे करूनही गेल्या महिन्यात दोन सहकाऱ्यांनी एकाच ग्राहकासाठी एकच अहवाल वेगवेगळा तयार केला, आणि ही गोष्ट आम्हाला त्या ग्राहकाकडून कळली. आमचे वरिष्ठ म्हणतात, प्रत्येकाच्या संगणकावर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर बसवा. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही.

उत्तर : आधी थोडे गणित करू. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या १० होतात, तर १६ माणसांत १२०. म्हणजे माणसे तिपटीच्या थोडी वर गेली तेवढ्यात एकमेकांशी बोलण्याच्या वाटा बारा पटींनी वाढल्या. फ्रेडरिक ब्रूक्स या संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्येच हा हिशेब मांडून, आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली की ते काम आणखी लांबते, असे बजावले होते. तुमच्याकडे या १२० वाटांपैकी बहुतेक तुमच्याच दारावरून जातात. पाच जण असताना ते सोयीचे होते, कारण सगळे तुमच्या डोक्यात मावत होते. आता तुमचे डोके हाच टीमचा जकात नाका झाला आहे आणि बाहेर गाड्यांची रांग लागली आहे.

यात दूर बसण्याची भर पडते. टॉमस ॲलन या अभ्यासकाने १९७० च्या दशकात संशोधन संस्थांमधील अभियंत्यांच्या संभाषणांची मोजदाद केली, तेव्हा दोघांच्या टेबलांमधील अंतर वाढते तसे त्यांचे बोलणे झपाट्याने कमी होते आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे ते नावापुरतेच उरते, असे त्याला दिसून आले. तुमच्या टीममधला प्रत्येक जण दुसऱ्यापासून त्या अंतराच्या कितीतरी पलीकडे बसलेला आहे. एका खोलीत बसणाऱ्यांना कितीतरी गोष्टी न विचारता कळतात : शेजारच्याच्या पडद्यावर ओळखीचे शीर्षक दिसते, फोनवरचे अर्धे बोलणे कानावर पडते. तुमचे ते दोघे शेजारी बसले असते तर अहवालाचा घोटाळा पहिल्याच दुपारी उघड झाला असता. घरून काम करताना हे कानावर पडणे कोणीतरी मुद्दाम घडवून आणावे लागते, आणि ते काम टीमप्रमुखाचे आहे.

माझा पहिला सल्ला निर्णयांच्या वहीचा. सर्वांना उघडता येईल असा एकच दस्तऐवज ठेवा आणि त्यात प्रत्येक निर्णयासाठी चार-पाच ओळी लिहा : तारीख, काय ठरले, का ठरले, कोणता पर्याय सोडला आणि पुढचे काम कोणाकडे. ‘का’ची ओळ कधीही गाळू नका, कारण सहा महिन्यांनी परिस्थिती बदलली की निर्णय अजून लागू आहे का, हे त्या ओळीवरूनच ठरवता येते. कोण कोणत्या ग्राहकाचे काय करत आहे, याचाही एक तक्ता तिथेच असावा आणि काम हाती घेणाऱ्याने आधी त्यात नाव घालावे. यापुढे कोणी खासगी मेसेजमध्ये प्रश्न विचारला तर उत्तर वहीत लिहा आणि त्याला त्या नोंदीचा दुवा पाठवा. पहिले दोन-तीन आठवडे हे तोंडी सांगण्यापेक्षा हळू चालेल, तुमची चिडचिड होईल आणि एखादा सहकारी ‘एवढ्यासाठी लिहायचे कशाला?’ असे म्हणेलही. तेवढे दिवस निभावून न्या. गिटलॅब या सर्वच कर्मचारी दूरस्थ असलेल्या कंपनीने आपली कार्यपुस्तिका अशीच वाढवत नेली. ती आज हजारो पानांची आहे आणि कोणालाही वाचता येते. तुम्हाला तेवढ्या पानांची गरज नाही, पण उत्तर माणसाकडे मागण्याआधी लिखाणात शोधण्याची त्यांची सवय मात्र उचलण्यासारखी आहे.

दुसरे म्हणजे १६ जणांचे तीन गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख द्या. इथे बहुतेक जण घसरतात. गटप्रमुख नेमतात, पण त्याने काय परस्पर ठरवायचे हे सांगत नाहीत. मग तो प्रत्येक प्रश्न वर आणि प्रत्येक उत्तर खाली पोचवत राहतो, म्हणजे पगारी पोस्टमन होतो. प्रत्येक गटप्रमुखाबरोबर बसून एक यादी लिहून काढा : कोणत्या गोष्टी त्याने विचारल्याशिवाय कराव्यात, कोणत्या करून मग कळवाव्यात आणि कोणत्या आधी विचाराव्यात. त्याने यादीतला एखादा निर्णय तुमच्यापेक्षा वेगळा घेतला तर पहिल्या खेपेला तो फिरवू नका. तुम्ही तो फिरवलात की यादीला कागदापलीकडे किंमत राहत नाही, आणि हे सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळलेले असते.

आता लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी. ते बसवू नका. अशी सॉफ्टवेअरे माऊस हलला का आणि कळा दाबल्या गेल्या का, हे मोजतात, आणि माऊस आपोआप हलवणारी छोटी यंत्रे बाजारात सहज मिळतात. तुमच्या दोन सहकाऱ्यांनी तोच अहवाल दोनदा केला, त्या दिवशी दोघांचेही माऊस दिवसभर मन लावून हलत असणार. वरिष्ठांना पुरावा हवा असेल तर सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत झालेल्या प्रयोगाचा दाखला द्या. तिथे घरून काम करायला तयार असलेल्या सुमारे २५० कॉल सेंटर कर्मचाऱ्यांचे जन्मतारखेच्या सम-विषम अंकावरून दोन भाग पाडले आणि नऊ महिने एका भागाला घरून काम दिले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मात्र त्याच प्रयोगात, कामगिरी सारखीच असली तरी घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले. माझ्या मते खरी काळजी या दुसऱ्या निष्कर्षाची करायला हवी. दूर बसलेला माणूस काम चुकवतो ही भीती मोठी केली जाते. तो चांगले काम करतो आणि ते कोणाच्या नजरेस पडत नाही, ही गोष्ट मात्र रोज घडते. म्हणून महिन्यातून एकदा वही उघडून कोणी काय तडीस नेले ते पाहा आणि त्याची दखल नाव घेऊन, सर्वांसमोर घ्या.

या सगळ्यातून जो वेळ सुटेल तो माणसांना द्या. प्रत्येक गटप्रमुखाशी आठवड्याला अर्धा तास आणि इतर प्रत्येकाशी महिन्याला अर्धा तास, एकट्याने. त्या अर्ध्या तासात कामाचा आढावा घेऊ नका. तो वहीत आहे. विषय समोरच्याला ठरवू द्या आणि ‘सगळे ठीक’ हे उत्तर आले तर थोडे थांबा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

प्रश्न : माझ्या टीममध्ये आलेला नवा सहकारी हुशार आहे, पण दोन महिने झाले तरी बैठकीत तोंड उघडत नाही. कॅमेरा बंद, माईक बंद, पडद्यावर नुसते नावाचे आद्याक्षर. त्याला बोलते कसे करावे?

उत्तर : बैठकीत त्याचे नाव पुकारून तर अजिबात नको. काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक तरुण मुलगी रुजू झाली. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारले, तेव्हा कळले की एका प्रणालीचा पासवर्ड चालत नव्हता म्हणून ती दोन दिवस हात बांधून बसली होती. वीस जणांच्या समूहात ‘माझा पासवर्ड चालत नाही’ असे लिहायचा तिला संकोच वाटला, आणि मला एकट्याला विचारावे तर मी ‘व्यग्र’ असा लाल ठिपका लावून ठेवलेला. चूक माझी होती. ऑफिसात तिने शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारले असते.

ती शेजारची खुर्ची तुम्ही नेमून द्यायची असते. साधारण त्याच्याच पातळीवरचा, वरिष्ठ नसलेला एक सोबती त्याला द्या आणि दोघांचे रोज पंधरा मिनिटे बोलणे होईल असे पाहा. आठवड्याभरात पूर्ण होईल असे एक छोटे काम त्याला द्या आणि ते त्यालाच सर्वांना दाखवू द्या. तुमच्या लिखित सूचनांमध्ये जिथे तो अडखळला तिथे दुरुस्ती करण्याचे कामही त्याच्याकडे सोपवा, कारण नवख्या डोळ्यांना जे खटकते ते जुन्यांना दिसेनासे झालेले असते. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पूर्वार्धातील संवादाचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. सर्वजण घरून काम करू लागल्यावर लोकांचे संपर्क आपापल्या गटात अधिक बंदिस्त झाले आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे धागे घटले, असे त्यात दिसले. ज्याचा आधीचा धागाच नाही अशा नवख्याला तो आपणहून मिळेल, अशी आशा धरून बसू नये. कॅमेऱ्याचा आग्रह मात्र सोडा. घरात जागा कशी आहे हे आपल्याला माहीत नसते.

प्रश्न : टीममधील दोन सहकारी परदेशातून काम करतात आणि साप्ताहिक बैठक नेहमी त्यांच्या रात्री येते. शिवाय वर्षातून दोनदा वेळांचा गोंधळ होतो.

उत्तर : बैठकीची वेळ आळीपाळीने बदला, म्हणजे गैरसोय एकाच्याच वाट्याला येणार नाही, आणि जो हजर राहू शकत नाही त्याच्यासाठी त्याच दिवशी लेखी टिपण ठेवा. ‘उद्या सकाळपर्यंत’ असे कधी लिहू नका. तारीख, तास आणि कोणत्या ठिकाणची वेळ हे तिन्ही लिहा. गोंधळाचे कारण घड्याळबदलात आहे. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात, तर युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा दोन्हीकडचे अंतर नेहमीपेक्षा एक तासाने वेगळे असते. या चारही तारखा कॅलेंडरमध्ये आत्ताच घालून ठेवा आणि त्या आठवड्यांतील बैठकांची वेळ प्रत्येकाकडून आधी ताडून घ्या.